सरांची शाकारणी

पोलादपूरचे शांतारामसर नव्या माणसाला आधी एकच विचारायचे, “घर पत्र्याचं की कौलांचं?” कौलांचं म्हटलं की खूश. कौलं मे महिन्यात परतून घ्यायची, पाऊस लागला की वर चढायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. सरांनी तो कॉम्प्युटरलाही लावला होता.

बाजारपेठेत त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. मी महाडहून एसटीनं तिथं शिकायला जायचे. आज पुण्याच्या कंपनीचं काम घरबसल्या करते ते त्यांच्यामुळं. कशेडीकडच्या डोंगरवाड्यांसाठी सरांनी एक सोय उभी केली होती. वाडीतलं कुणीतरी पर्जन्यमापक बघून पावसाचा आकडा मोबाईलवरून पाठवायचं. आकडा फार चढला की वाडीभर फोन वाजायचे आणि लोक दरड येण्याआधी खालच्या शाळेत जायचे. सरांच्या वाडीत हे काम त्यांच्या वहिनींकडं होतं. सगळा कारभार एका भाड्याच्या सर्व्हरवर चालायचा आणि त्याचं दुखणंखुपणं एकटे सर बघायचे. मे महिन्यात साठलेला कचरा काढायचा, डागडुजी करायची, मग पावसाळाभर हात लावायचा नाही. याला ते शाकारणी म्हणत. मी मदतीला जायचे. वहिनी फणस पाठवायच्या.

“सर, आता सर्व्हरलेसवर जाऊ,” मी दर वर्षी म्हणायचे. “यंत्रं कंपनीची, देखभाल त्यांची. आपला प्रोग्राम आकडा आला की जागा होईल, काम करून झोपेल.”

“ती खानावळ झाली गो. उद्या दर वाढवले, नियम बदलले, तर काय करशील? इथं निदान चूल आपली हाय.”

“आणि तुम्ही आजारी पडलात तर?”

“मला काय धाड भरलीय?”

त्यांचं सगळंच चूक नव्हतं. दर वाढल्यावर आमच्या कंपनीतही पळापळ झाली होती. पण एका माणसाच्या तब्येतीवर अख्खी वाडी टांगलेली, याचा मला संताप यायचा. सर्व्हरची किल्ली मात्र ते कुणाला देत नसत.

मग त्यांच्या किडन्या गेल्या. डायलिसिससाठी महाडला खेपा सुरू झाल्या. मे महिन्यात मी निघाले तर फोनवर म्हणाले, “येऊ नको. शाकारणी केली मी.”

केली नव्हती. जुलैत साठलेल्या कचऱ्यानं डिस्क भरली आणि सर्व्हर बंद पडला. त्या दुपारी वहिनींनी आकडा पाठवला. तो कुणापर्यंतच गेला नाही. शेजारीण निघू म्हणाली, तेव्हा वहिनी म्हणाल्या होत्या, “फोन कुठं वाजलाय? वाजला असता की.” भावजींच्या यंत्रणेवर त्यांचा एवढा विश्वास होता. शेजारीण पोरांना घेऊन शाळेत गेली. दरडीनं वहिनींचं घर नेलं, आणि वहिनींना.

बाराव्यानंतर सरांनी मला बोलावून किल्ली दिली, सगळे पासवर्ड सांगितले. आठवडाभरात मी कारभार सर्व्हरलेसवर हलवला. आकडा पाठवून बघितला, फोन वाजला. सर खाटेवरून बघत होते.

“आता हिला माझी गरज नाय ना?”

“नाही, सर.”

“हे आधी असतं तर वयनी असती,” ते म्हणाले. मला खोटं बोलता आलं नाही.

दिवाळीआधी सर गेले. यंदा मे महिन्यात मी सवयीनं पोलादपूरला गेले, क्लासचं कुलूप काढलं आणि त्यांच्या खुर्चीसमोर बसले. शाकारायला काही नव्हतं. फणसही आला नाही.