मशीनची भवानी

मी मुळातच संशयी. भाजीवाल्याचा काटा आधी रिकामा बघते, मग भाजी टाकू देते. त्यामुळे घिवलीच्या किनाऱ्यावर तीन दिवस मासळी महोत्सव भरणार आणि तिथे रोख पैसे चालणारच नाहीत, हे ऐकलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. गिऱ्हाइकाने गेटवर पैसे भरून उजव्या मनगटात पट्टा बांधून घ्यायचा. स्टॉलवरचं मशीन त्या पट्ट्याला लावलं, की टुंग! एक टुंग म्हणजे एका प्लेटचे पैसे. ते आपल्या खात्यात येणार आठ दिवसांनी.

"आणि नाही आले तर?" मी मशीनवाल्याला विचारलं. तो गळ्यातलं ओळखपत्र चाचपत नुसता हसला. मला तो तेव्हाच आवडला नाही.

स्टॉल माझ्या सासूबाईंचा, तळलेल्या बोंबलांचा. चाळीस वर्षं त्या बोईसरच्या बाजारात मासळी विकतायत. तव्यावर मी आणि मशीन त्यांच्या हातात, कारण गल्ला त्यांनी आजवर कुणाला दिलेला नाही.

पहिल्या संध्याकाळी मशीनवाला आला. एका बाईंनी एकच प्लेट खाल्ली, पैसे दोन प्लेटचे कापले गेले. "सिर्फ आपके स्टॉल की कंप्लेंट है, दीदी."

"मग तुमचं मशीनच खराब! आमच्या माथी काय मारता?" मी झारा हातात घेऊनच भांडले. बिचाऱ्याने मशीन बदलून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि या वेळी गिऱ्हाईक बोईसरच्या बाजारातलं, आमचं नेहमीचं. "मावशी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," असं सगळ्यांसमोर म्हणून तो निघून गेला. मशीनवाल्याने बजावलं, आणखी एक तक्रार आली तर स्टॉल बंद.  सासूबाई गॅस बंद करून मासळीच्या पाटीशेजारी बसून राहिल्या.

मी मात्र मनात मशीनवाल्याला शिव्या घालत होते. मग एकदम लक्षात आलं, जादा कापलेले पैसे तर आमच्या खात्यात येणार. त्याला काय मिळणार त्यातून? आणि हा विचार एकदा डोक्यात शिरला तो शिरलाच.

तिसऱ्या दिवशी सकाळी घरी बोंबील साफ करताना मी विचारलं, "आई, तुम्ही चुकून दोनदा तर नाही ना लावत मशीन?"

ते 'चुकून' खोटं होतं, आणि त्यांना ते बरोब्बर कळलं. हातातली सुरी थांबली. "चुकून नाय आनि मुद्दाम पन नाय," एवढंच म्हणाल्या. 

त्या दिवशी माझी नजर तव्यावर नव्हतीच. पहिलं गिऱ्हाईक आलं, बेटेगावचे एक काका. टुंग. सासूबाईंनी मशीन कपाळाला लावलं, मग पाटीला लावलं. बाजारात रोजच्या भवानीची, म्हणजे पहिल्या विक्रीची नोट त्या अशीच लावतात. आणि मग नेहमीसारखाच त्यांनी काकांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "गुनाचा हात हाय तुमचा." मशीन अजून त्यांच्याच हातात होतं.

टुंग.

"आई!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारचे स्टॉलवाले धावत आले. मशीनवाल्याला बोलावलं. त्याने तिघांचेही जादा पैसे परत केले, आणि कपाळाला हात लावून इतका हसला की मलाही हसू फुटलं. सासूबाई हसल्या नाहीत. दिवसभर मशीन एका हातात धरून, दुसरा हात पाठीमागे ठेवून त्यांनी विक्री केली.

निघताना मी म्हटलं, "चुकलं माझं, आई."

"ऱ्हाऊ दे गो." मला हायसं वाटलं. म्हटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी उतरवायला त्यांच्याबरोबर बोईसरच्या बाजारात गेले. पहिल्या गिऱ्हाइकाने नोट दिली. त्यांनी ती कपाळाला लावली, पाटीला लावली. गिऱ्हाइकाने सवयीने हात पुढे केला होता, तो त्यांनी धरला नाही. नोट माझ्यासमोर आणली, एक बाजू दाखवली, उलटी करून दुसरी दाखवली.

"बघून घे बाय, एकच हाय," म्हणाल्या, आणि नोट कमरेच्या पिशवीत ठेवली.