सात नंबरचं मशीन

"कोनी बोलू नका. इले बोलू द्या."

खोलीत कितीही माणसं असोत, मिस्त्री एवढं म्हणायचे आणि टाइपरायटरवर कान टेकवायचे, डॉक्टर पोराच्या छातीवर टेकवतो तसा. मग एका बोटानं एकच अक्षर दाबत राहायचे. टक. टक. टक. वकील, रुईचे दलाल, आमच्या क्लासचे मालक, सगळे मुकाट उभे. पाच-सहा वेळा ऐकलं की डोळे उघडून सांगायचे, "समजलं. इचं दुखनं मांगं हाये आन् तुमी समोर तेल घालून राहिले."

अकोल्यात जठारपेठेतल्या एका टायपिंग क्लासमध्ये मी मास्तर होतो. बारा मशीनं, तीन बाकं, एक भिंतीवरचं घड्याळ. मिस्त्री दर शनिवारी पत्र्याची पेटी घेऊन यायचे. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, जो आपल्या कामाशिवाय दुसऱ्या कशावर मत देत नाही, पण कामावर बोलू लागला की कलेक्टरालाही थांबवतो.

आमच्याकडे रुई हवेतच असते. जिनिंग सुरू झालं की ती खिडकीतून येऊन मशीनच्या पोटात बसायची, आणि वर लोक हाताला येईल ते तेल सोडायचे. एका अर्जनविसानं चक्क जवसाचं तेल घातलं. आठ दिवसांत ते वाळून डिंक झालं आणि एकही अक्षर उठेना. मिस्त्रींनी वाकून वास घेतला. म्हणाले, "बुवा, हे तेल वांग्यात घालाचं असते. तुमी मशीनीले फोडनी देल्ली." मग दोन दिवस बसून अक्षराची एकेक काडी रॉकेलनं धुतली.

नवं मशीन घ्यायचं असलं की लोक त्यांनाच विचारायचे. कोणतं घ्यावं, मोठ्या कॅरेजचं की लहान, रिबन एकरंगी की दुरंगी. मिस्त्रींचा उलट प्रश्न ठरलेला. "टाइप कोन करनार?" शेठ म्हणायचे, आमचा कारकून. "मंग त्याले घेऊन या. जोडा काय शेजाऱ्याच्या पायावर मापता?" कारकुनाला बसवून, त्याची करंगळी किती जोरात पडते ते पाहून ते सांगायचे. एका वकिलांना चकचकीत हिरवं मशीन आवडलं होतं. मिस्त्री म्हणाले, "घ्या नं. बैठकीत ठेवा, पाहुने पाह्यतीन. लिहाले दुसरी घ्या."

एका गोष्टीची मात्र त्यांना चीड होती. स्वतःची चूक झाली की कारकून मशीनकडे बोट दाखवतात. "साहेब, मशीनच खराब आहे." असं कोणी म्हटलं की मिस्त्रींचा चेहरा बदलायचा. आधी मशीन तपासायचे, त्यात दोष नसला तर त्या कारकुनाशी पुन्हा बोलायचे नाहीत. "इले तोंड नाही म्हनून काई बी लादता इच्यावर?" मी हे अनेकदा पाहिलं होतं. म्हणूनच पुढं जे झालं, त्याचं काय होणार हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

मिस्त्रींची थोरली मुलगी आमच्याकडे शिकायची. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन परतले तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं की पोरगी सरकारी कचेरीत खुर्चीवर बसेल. ती मॅट्रिक झाली होती. कचेरीत जागा निघणार होती, टायपिंगचं सर्टिफिकेट तेवढं हवं होतं. मुलगी हुशार, बोलायची कमी. तिची डावी करंगळी हलकी पडायची, म्हणून मिस्त्रींनी चार नंबरच्या मशीनच्या त्या बाजूच्या स्प्रिंगा एकेक करून सैल केल्या. रबरी रूळ नवा घातला. महिनाभर ती त्याच मशीनवर बसली, आणि मिनिटाला चाळीस शब्द ती न अडखळता काढू लागली.

त्या काळी परीक्षेला मशीन आपलं आपण न्यावं लागे. केंद्र अमरावतीला होतं. बाराही मशीनं गोधड्यांत गुंडाळून, हँडलला नंबराच्या चिठ्ठ्या बांधून आम्ही आगगाडीनं नेली. मिस्त्री अख्ख्या प्रवासात त्यांच्याजवळ उभे होते. मशीनं सगळी एकाच कंपनीची, एकाच काळ्या रंगाची. ओळखायची ती चिठ्ठीवरून. हॉलमध्ये मांडून ठेवायला फक्त मास्तरांना जाऊ देत. मिस्त्री लोकांना व्हरांड्यापर्यंतच.

सात नंबर आजारी होतं. एक अक्षर उमटलं की कागद धरणारी कॅरेज एक घर सरकते, ते सरकवणारा दाता झिजला होता. दहा ओळी नीट जायच्या आणि मध्येच कॅरेज जागच्या जागी थांबायची, अक्षरावर अक्षर चढायचं. मिस्त्री तीन महिने मालकांना सांगत होते. मालक म्हणायचे, परीक्षेनंतर पाहू.

आणि सात नंबर माझ्या धाकट्या भावाच्या वाट्याला आलं होतं. तो क्लासला उशिरा लागला, तेच शिल्लक होतं. दोनदा नापास झालेला, तात्पुरत्या नोकरीवर असलेला माझा भाऊ. आईनं निघताना मला एवढंच म्हटलं होतं, "त्याच्याकडे पाहजो."

मी पाहिलं. सकाळी रिकाम्या हॉलमध्ये मी चार आणि सातच्या चिठ्ठ्या बदलल्या आणि मशीनं आपापल्या टेबलांवर ठेवली. दोन गाठी सोडायला आणि बांधायला किती वेळ लागतो. चारच का निवडलं, तर ते सगळ्यांत चांगलं होतं. हे कारण खरं आहे, पण पुरं नाही. बाकीची पोरं वकिलांची, दुकानदारांची होती. त्यांचे बाप माझ्या अंगावर आले असते. मिस्त्री येणार नाहीत, हे मी त्या दोन गाठी सोडताना जाणून होतो.

परीक्षा सुटल्यावर मशीनं बाहेर आणण्याआधी मी चिठ्ठ्या परत जागच्या जागी बांधल्या. व्हरांड्यात मुलगी बापासमोर उभी होती. रडत नव्हती.

"बाबा, कॅरेज अडून राहिली होती. अक्षरावर अक्षर. मी हात वर केला तं साहेब म्हने, मशीनची जबाबदारी तुमची."

मिस्त्रींनी चार नंबर मागून घेतलं. फरशीवर ठेवलं, कान टेकवला. त्यांनी एक ओळ टाइप केली, दुसरी केली, पान भरलं. एकही अक्षर चढलं नाही.

"इले तं काईच नाही झालं, बाई."

"बाबा, ती ही नव्हती. मले हातानं समजलं. ती माही मशीन नव्हतीच."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, अदलाबदल झाली का हो?"

"नाही, मिस्त्री," मी म्हणालो. "चिठ्ठ्या मीच पाहिल्या. चारच होतं."

त्यांनी मान हलवली. माझ्या शब्दावर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. मुलगी माझ्याकडे पाहत होती. तिलाही काय झालं ते कळलं नव्हतं. मास्तर खोटं बोलत असतील हे तिच्याही मनात आलं नाही, एवढंच त्या नजरेत मला दिसलं.

ती नापास झाली. भाऊ पास झाला, कायम झाला. सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा होती. मी मिस्त्रींना म्हटलं, तिला बसवा. माझी आशा अशी की ती पास होईल आणि मी सुटेन. ते पेटी आवरत म्हणाले, "नाही मास्तर. घाबरली, हरली, त्याचं काई नाही. मशीनीवर ढकललं तिनं. माह्या घरातल्या पोरीनं." पुढच्या वर्षी तिचं लग्न करून दिलं, अचलपूरला.

पुढं मालकांनी नवा दाता आणून दिला तेव्हा मिस्त्रींनी सात नंबर उघडलं. झिजलेला जुना दाता तळहातावर घेऊन माझ्यापुढं धरला. "पाहा. याच्यावर तुमचा भाऊ पास झाला. शाबास हाये पोट्ट्याची." मनापासून म्हणाले. टोमणा त्यांना येत नव्हता.

मी तेव्हाही बोललो नाही. पुढं सात वर्षं दर शनिवारी ते आले, पेटी उघडली, कान टेकवला, आणि प्रत्येक शनिवारी मी ठरवून गप्प राहिलो. मग दोन शनिवार ते आले नाहीत. तिसऱ्या शनिवारी दुसराच मिस्त्री आला आणि आमचे मिस्त्री गेल्याचं त्यानं सांगितलं.

या वर्षी मी अचलपूरला गेलो. एस.टी.त बसल्यावर दोनदा उतरावंसं वाटलं. ती दारात धान्य पाखडत होती, शेजारी तीनेक वर्षांची मुलगी. मला ओळखून तिनं सूप खाली ठेवलं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. चिठ्ठ्या, सात नंबर, भाऊ, व्हरांडा.

तिनं पोरीला जवळ ओढलं. मग म्हणाली, "मले बी तसंच वाटाले लागलं होतं, मास्तर. का मीच घाबरली असन. अडलीच नसन ते कॅरेज."

मी मान खाली घातली.

"बाबाले सांगतलं होतं का तुमी?"

"नाही."

"शेवटी दवाखान्यात होता, तवा मी पाय दाबून देत होती. मले म्हने, जाऊ दे बाई, मी माफ केलं तुले." तिनं सूप उचललं. "मी बी हो म्हनलं."

पोरगी तिच्या पदराशी खेळत होती. मी काहीतरी म्हणायला गेलो, तिनं हातानंच थांबवलं.

"माहा बाप असता तं त्यानं तुमाले चहा पाजल्याबिगर जाऊ देल्लं नसतं," ती म्हणाली. "मी नाही पाजत. जा तुमी."