लाल चष्म्याचे डॉक्टर

डॉ. इंद्रभान सातव खामगावच्या दवाखान्यात आले ते १९७१च्या उन्हाळ्यात. तिथे मी एक्स-रेचं मशीन चालवायचो. डॉक्टर सडपातळ, कमी बोलणारे, वय एकतीस. जळगाव जामोदला त्यांच्या वडिलांचा, कारभारीबुवांचा, वांग्या-मिरच्यांचा मळा होता. नागपूरला डॉक्टरकीची साडेचार वर्षं, एक वर्ष वॉर्डात, दोन वर्षं एक्स-रेच्या पदविकेची आणि त्यावर मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तीन वर्षं, एवढं शिकून ते आले होते.

मुंबईत शिकलेल्या कामाला तेव्हा धड नाव नव्हतं, की त्याची परीक्षाही नव्हती. पडद्यावर शरीराच्या आतलं बघत सुई आत न्यायची, सुईतून बारीक तार सरकवायची, तारेवरून नळी. पोट फाडायचं नाही. त्यांच्या गुरूंनी पहिले आठ महिने त्यांना सुईला हात लावू दिला नाही. नळ्या वाफेवर धरून वाकवायच्या, तारा धुऊन पुसून ठेवायच्या, एवढंच काम. सुट्टीच्या दिवशी डॉक्टर शवविच्छेदनाच्या खोलीत जायचे आणि पाठीच्या कातडीपासून मूत्रपिंड किती खोल असतं ते मोजून वहीत लिहायचे. ती वही मी पाहिली आहे. एकशे बारा देहांची मापं होती तीत.

मुंबईला टीव्हीसारखा पडदा होता. आमचं मशीन जुनं. त्यावरचं चित्र इतकं अंधुक की काळोखाची सवय व्हावी म्हणून आधी वीस मिनिटं लाल काचांचा चष्मा लावून बसावं लागे. कारभारीबुवा एकदा भाजीची पिशवी घेऊन आले आणि व्हरांड्यात मुलाला तसं बसलेलं पाहून घाबरले.

"डोये आले का तुये?"

"नाही, बाबा. पडद्यावरचं दिसावं म्हणून लावलाय."

म्हातारा पिशवी खाली ठेवून शेजारी टेकला. मग म्हणाला, "इंद्रा, फोटोच काढाचे होते तं येवढा शिकला काऊन? गावात लोक मले इचारतेत, पोरगा आपरेशन करते का? मी काय सांगू?"

डॉक्टरांनी चष्मा न काढताच भाजीची पिशवी आत नेली. मला त्यांचं वाईट वाटलं.

दोन वर्षांनी नांदुऱ्याहून सत्यभामाबाईंना आणलं. पन्नाशीची बाई. दोन्ही मूत्रपिंडांच्या वाटा खड्यांनी बंद झाल्या होत्या. चार दिवस लघवी नव्हती, अंग सुजलेलं, मधूनच भान हरपायचं. आमचे सर्जन अर्जुनराव हाताचे फार चांगले. तेच म्हणाले, "भूल दिली तर टेबलावरच जातील. इंद्रभान, तुमच्याकडून काही होतंय का बघा."

मुंबईत डॉक्टरांनी हे काम गुरूंच्या शेजारी उभं राहून चारदा केलं होतं. एकट्याने एकदाही नाही. बाईंना भान आलं तेव्हा हे त्यांनी जसंच्या तसं सांगितलं.

बाई म्हणाल्या, "तुमचा हात थरथरते का?"

"नाही."

"मंग करा."

बाईंना पालथं झोपवलं, पाठीवर सुन्न करायचं इंजेक्शन दिलं. मी दिवा बंद केला. डॉक्टरांनी किरण अडवणारा शिशाचा एप्रन घातला, हातमोजे मात्र बाजूला ठेवले. शिशाच्या जाड मोज्यांत सुईचं टोक कुठे टेकतंय ते बोटांना कळत नाही. पहिल्यांदा सुई आत गेली आणि नुसतं रक्त आलं. त्यांनी ती काढली, लाल चष्मा पुन्हा लावला, मला दिवा लावायला सांगितला आणि बाईंचा आधी काढलेला एक्स-रेचा फोटो उजेडावर धरून बघत राहिले. घाई नाही, चिडचिड नाही. मग मला म्हणाले, "भाऊराव, बोटभर वरून जाऊ."

दुसऱ्यांदा सुईतून गढूळ लघवी आली. त्यांनी पडद्यावर दिसणारं औषध आत सोडलं तशी मूत्रपिंडाची पोकळी काळी उमटली. मग तार, मग नळी. बाटलीत थेंब पडायला लागले तेव्हा अर्जुनराव खाली बसून ते मोजू लागले. काही वेळाने मोजायची गरजच राहिली नाही, धार लागली होती.

तीन आठवड्यांत बाईंची सूज उतरली, रक्त सुधारलं आणि मग अर्जुनरावांनी खडे काढले. बाई आपल्या पायांनी चालत बसस्टँडवर गेल्या. पुढे अकरा वर्षं जगल्या.

त्यानंतर अकोल्याहून, वाशीमहून रोगी येऊ लागले. मुंबईच्या गुरूंनी दोनदा बोलावणं पाठवलं. डॉक्टर गेले नाहीत. "तिथे माझ्यासारखे चौघे आहेत," म्हणायचे. तापट नव्हते, पण हट्टी होते. मोज्यांचंही तेच. मी कितीदा सांगितलं, ऐकलं नाही. शेवटी डाव्या हाताच्या बोटांची कातडी कोरडी पडून फाटू लागली, नखं काळवंडली. किरणांनी आपलं काम केलं होतं. १९७९मध्ये एक बोट काढावं लागलं.

त्याच वर्षी दोन तरुण डॉक्टर त्यांच्याकडे शिकायला आले. आठ महिन्यांची अट त्यांनाही होती. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी आपला डावा हात टेबलावर ठेवला आणि दोघांना जवळ बोलावलं. "हे नीट बघून घ्या. किरण चालू असताना हात त्यांच्या वाटेत न्यायचा नाही. आधी बघायचं, किरण बंद करायचे, मग सुई सरकवायची. वेळ लागेल. लागू द्या."