विरजणातली म्हैस

आमच्या येळ्ळूरच्या गोठ्यात तीन जनावरं आहेत. जर्सी बादली भरून दूध देते. म्हैस त्याहून थोडं कमी देते. आईच्या माहेरून, निपाणीकडून आलेली खिलार गाय मात्र उपकार केल्यासारखं तांब्याभर देते, आणि तेही आई धार काढताना माहेरच्या बातम्या सांगत असेल तरच. आप्पा, म्हणजे माझे वडील, जवळ आले की ती पान्हा चोरते. घरातली सगळी गुपितं त्या गाईला माझ्याआधी कळतात.

दिवाळीनंतर ही गाय खानापूरकडच्या एका शर्यतीवाल्याला द्यायची, असं आप्पांनी ठरवलं होतं. त्याला तिच्या पोटचे खोंड हवे होते. तेव्हापासून आईच्या हातून आप्पांच्या चहात साखर कमी पडू लागली.

मी लष्करी कॅम्पातल्या एका बालवाडीत शिकवते. मुलांशी भरपूर बोलते, त्यांच्या आयांशी नाही. एका फौजी अधिकाऱ्याच्या बायकोनं मला विचारलं, देशी गाईचं ए-टू तूप कुठे मिळेल का. माहीत नाही, असं सांगणार होते, पण तेवढं वाक्य वेळेवर सुचलं नाही, म्हणून मान हलवली. तिनं त्याचा अर्थ ‘आमच्याकडे आहे’ असा घेतला.

घरी सांगितलं, तर आप्पांनी विचारलं, “ए-टू म्हंजे काय गं?”

मी सांगितलं, की दुधातल्या एका प्रथिनाचे दोन प्रकार असतात. देशी गाईत बहुधा ए-टू, जर्सीसारख्यांत ए-वनही सापडतं. काहींना ए-टू सोसतं म्हणतात.

“मग ए-वन म्हंजे पयला नंबर न्हवं?”

“पयला नंबर तुमच्या जर्सीला ऱ्हाऊ दे,” आई म्हणाली. “आमची दुसऱ्यात बसंल.”

आप्पांनी अट घातली. बाईनं तूप पसंत केलं तर गाय राहील, नाहीतर शर्यतवाला.

त्या दिवसापासून आईनं खिलारीचा संसार वेगळा मांडला. वेगळं पातेलं, वेगळी रवी, वेगळं फडकं. लोणी साठलं, कढवायचा दिवस आला आणि आप्पांनी दारातून विचारलं, “विरजण कुठलं लावलीस?”

आईचा हात थांबला. आमच्या घरी दही कायम म्हशीच्या दुधाचं असतं.

“म्हंजे म्हैस आलीच की आत.”

“पयल्यांदा चमचाभर घातलं. मग त्याच्याच दह्याचं लावत आले.”

“पर मूळ म्हशीचंच.”

“मी निपाणीसनं आले,” आई म्हणाली. “हितं इतकी वर्सं झाली. आता मी निपाणीची का येळ्ळूरची?”

आप्पांनी सावधपणे विचार केला. “येळ्ळूरचीच की.”

“मग ते बी खिलारीचंच की.”

“व्हय, पर...”

“परवा आमटीत मीठ जास्त झालं, तवा मातूर निपाणीची म्हणालासा.”

आप्पा गोठ्याकडे गेले. तूप कढलं. जर्सीच्या तुपाहून फिकट, वास मात्र ओसरीपर्यंत. तळाशी राहिलेली बेरी आप्पांनी शिरस्त्याप्रमाणे वाटीत काढून साखर घालून घेतली. बेरीच्या बाबतीत ते कुठल्याच जनावरावर राग धरत नाहीत.

रविवारी बाई गाडी घेऊन घरीच आल्या. आप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि वाटी पाठीमागे धरली होती. बाईंनी तूप हुंगलं, बोटावर घेऊन चाखलं. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत विचारलं, म्हणजे यात ए-टू प्रथिन भरपूर असेल ना?

आई माझ्या मानेकडे बघत होती. ती हलली असती, तर गाय राहिली असती.

पण तूप म्हणजे जवळजवळ नुसती स्निग्धता. प्रथिन ताकात जातं, उरलंसुरलं बेरीत. हे मला माहीत होतं, आणि मुलांच्या आयांपैकी कुणाशी मी कधीच बोलले नव्हते इतकं लांब वाक्य तोंडून बाहेर पडलं. माझे कान तापले. आईला इंग्रजी येत नाही, पण माझे कान वाचता येतात. तिनं पदर कमरेला खोचला.

बाईंनी तुपाच्या भांड्याचा तळ न्याहाळला. मग म्हणाल्या, “बेरी कहाँ है?”

आम्ही सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं. वाटी हळूहळू पाठीमागून पुढे आली. बाईंनी चमचाभर खाल्ली, डोळे मिटले, अजून एक चमचा खाल्ला. तूप त्यांना आवडलंच होतं. पण आता दर वेळी तुपाबरोबर ही बेरीही हवी, सगळीच्या सगळी.

उरलेली बेरी घेऊन गाडी गेली. आप्पा रिकामी वाटी घेऊन उभे.

“गाय ऱ्हायली,” आई म्हणाली.

“आणि मी काय खाऊ?”

“म्हशीची खावा की.”

“तिच्यात ए-टू कुठलं?”

म्हशीच्या दुधात ए-टूच असतं, मी म्हणाले. मग विरजणाचा एवढा वाद झाला तेव्हा का बोलली नाहीस, असं दोघांनी एकदम विचारलं. मला कुणी विचारलं नव्हतं.

आप्पांचं समाधान झालं नाही. खिलारीनं दूध वाढवलं तर बेरी वाढेल आणि थोडी घरात उरेल, असा त्यांचा हिशेब आहे. हल्ली सकाळी ते गोठ्यात तिच्यासमोर उकिडवे बसतात आणि निपाणीला पाऊस कसा झाला, मेव्हण्यानं भिंत कुठल्या रंगानं रंगवली, ते सांगतात. ती कान टवकारून सगळं ऐकून घेते. पान्हा मात्र आई येईपर्यंत सोडत नाही.