पित्ताचे डॉक्टर

आमच्या घरात बाबांच्या दारूला ‘पित्त’ म्हणायचे. आईने तो शब्द सुरू केला, पण सगळ्यात जास्त वापरला मी. बाबा नात्यातल्या कोणाच्या लग्नाला आले नाहीत, पित्त. सकाळी हात थरथरले, पित्त. धामणगावच्या बाजारात भाजी विकून त्यांनी मला पदवीपर्यंत शिकवलं. त्यांना कोणी नावं ठेवू नयेत एवढंच मला वाटायचं.

राजापेठेतल्या ज्या शिकवणीवर्गात मी गणित शिकवते, तिथल्या मोठ्या मॅडमनी हे पित्त फारच मनावर घेतलं. आधी आवळ्याचा मुरंबा पाठवला, मग अकोल्याच्या पोटाच्या डॉक्टरांकडे नंबरच लावून दिला. नाही कसं म्हणणार?

उपाशीपोटी यायला सांगितलं होतं, म्हणून बाबा त्या दिवशी न पिताच निघाले. एसटीत ते जागेवर ठरेनात. मूर्तिजापूरला पाय मोकळे करतो म्हणून उतरले. त्यांची पिशवी मांडीवर घेऊन मी खिडकीतून बघत राहिले. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिल्यावर ते घामाघूम होऊन आले.

डॉक्टरांनी विचारलं, काही व्यसन? बाबांआधी मीच बोलले. नाही, जेवणाच्या वेळा चुकतात, तिखट खातात, जागरण होतं. फळ्यावर उदाहरण सोडवावं तसं मी भराभर सांगत गेले. डॉक्टर लिहीत होते.

“साहेब, लिहू नका,” बाबा म्हणाले. “पोरगी खोटं बोलून राहिली. मले पित्त-बित्त काई नाई. मी दारू पेतो. रोज, सकायपासून.”

मी टेबलाच्या काचेकडे बघत बसले. डॉक्टरांनी तो कागद फाडला आणि व्यसन सोडवणाऱ्या मानसोपचार डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी दिली. त्यांचा दवाखाना पलीकडच्याच गल्लीत होता.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, आज नको, आईशी बोलू, पुढच्या आठवड्यात येऊ. खरं तर मॅडमना काय सांगायचं, हेच माझ्या डोक्यात फिरत होतं.

“पुढच्या हप्त्यात मी येनार नाई, माय. मी मले ओयखतो,” बाबा म्हणाले. “तू आत बोलत होती ना, तवा मलेच ते खरं वाटाले लागलं. भेव वाटलं मले.”

मग आम्ही पलीकडच्या गल्लीत गेलो. तिथे नंबर यायला तास लागला. ते बसायचे, उठायचे, दारापर्यंत जाऊन रस्ता पाहायचे. दर वेळी मीही उठायची. शेवटी नाव पुकारलं तेव्हा मी त्यांच्या मागे निघाले. त्यांनी हात आडवा धरला.

“तू बाहेरच बस,” म्हणाले, आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.