जिन्यातला कट्टा

साइट इंजिनिअर म्हणून मीच उभ्या करून घेतलेल्या एका चार मजली इमारतीत परवा गेलो होतो. लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक वयस्क बाई भाजीची पिशवी मांडीवर घेऊन पायरीवरच दम खात बसल्या होत्या.

नकाशात त्या वळणावर कट्टा होता. आर्किटेक्ट बाईंनी प्रत्येक वळणावर हौसेने काढलेला. बांधकामाआधी नकाशावर होणाऱ्या बैठकांना मला बोलवायचे ते पुढच्या अडचणी दाखवून द्यायला. मी म्हणालो, "मॅडम, या कट्ट्यांच्या शटरिंगच्या फळ्या ठोकण्यात प्रत्येक मजल्याला दोन दिवस जातील." त्या म्हणाल्या, "कुणीतरी टेकेल हो तिथे." मी हसलो आणि लाल पेन्सिलीने सगळ्या कट्ट्यांवर फुल्या मारल्या.

काम वेळेत झालं, शाबासकीही मिळाली. कागदावरची चूक रबराने जाते, असं आम्ही नेहमी म्हणतो. कागदावरचं शहाणपणही तितक्याच सहज जातं, हे कुणी म्हणत नाही.

मला पाहून पायरीवरच्या बाई घाईने भिंतीकडे सरकल्या. "माफ करा हं, वाटेतच बसले."

"असू द्या, असू द्या," म्हणत मी वर गेलो. जणू मोठ्या मनाने मीच त्यांना माफ केलं होतं.