जांभळ्या टोपणाच्या दोन नळ्या

समजा, तुमच्या हातात सुई आहे. समोर साठीची एक बाई हात पसरून बसली आहे. दंडाला रबरी पट्टा आवळलाय, मूठ मिटायला सांगून झालंय आणि कोपराच्या खोबणीत शीर काही दिसत नाही. मग बोटानं चाचपायचं. कातडीखाली मऊ, दाबलं की परत वर येणारं काहीतरी लागतं. तीच शीर. आता सुई तिरकी धरायची आणि घुटमळायचं नाही. घुटमळलात तर सुई आत जाते, रक्त मात्र येत नाही आणि बाई तुमच्याकडं बघायला लागते.

या सगळ्यात तुम्ही तिच्या चेहऱ्याकडं किती वेळा बघाल?

दीक्षा ऐवळेनं एकदाही बघितलं नव्हतं.

दीक्षा जत तालुक्यातल्या एका वाडीची. वडील धनाजी पाण्याचा टँकर चालवतात. बारावी सायन्स झाल्यावर तिनं मिरजेतल्या एका खासगी रुग्णालयाच्या लॅबमध्ये वर्षभराच्या कोर्सला प्रवेश घेतला. पुण्याच्या माणसाला मिरज लहान वाटेल. दीक्षाला पहिले दोन दिवस रस्ता ओलांडायला कुणाची तरी सोबत लागायची. पण गाड्यांची सवय झाली. सवय झाली नाही ती वेगळ्याच गोष्टीची. खोलीच्या मालकीणबाईंनी दार उघडल्या उघडल्या विचारलं, "नाव?" रुग्णालयाच्या गेटवर वॉचमननं विचारलं, "नाव?" मेसमध्ये डबा लावताना, सिमकार्ड घेताना, ओळखपत्र काढताना, जो तो तेच विचारत होता आणि विचारताना वरही बघत नव्हता. "कुणाची गं तू?" असं एकानंही विचारलं नाही.

तिच्या वाडीत मोठ्या बाईला तोंडावर नाव विचारत नाहीत. ओळख नसली तरी अंदाजानं म्हणायचं, "आवं, तुमी अमक्याच्या आई न्हवं?" चुकलं तर ती हसते आणि खरं काय ते सांगते. थेट नाव विचारणं म्हणजे, मी तुम्हाला ओळखत नाही आणि ओळखायचंही नाही, असं सांगण्यासारखं.

लॅबच्या मुख्य तंत्रज्ञ जीनत मॅडम. मिरजेतच वाढलेल्या, वीस वर्षं याच कामात. पहिल्याच दिवशी त्यांनी नव्या बॅचला उभं करून सांगितलं होतं, "पेशंटला त्याचं नाव तुम्ही सांगायचं नाही. त्याच्या तोंडून घ्यायचं. 'तुमचं नाव काय?' एवढंच विचारायचं." दीक्षानं ते वहीत लिहून खाली लाल रेघ मारली होती. आठवडाभर बघण्यात गेला, मग तीन दिवस एकमेकांच्या दंडात सुया टोचण्यात. अकराव्या दिवशी, गुरुवारी, पेशंट मिळाले.

सकाळी साडेनऊला कलेक्शन रूमबाहेरच्या बाकावर दोन म्हाताऱ्या शेजारी शेजारी बसल्या होत्या. दोघींच्या डोक्यावर पदर, दोघी सकाळपासून उपाशी. मुलं कागदं करायला खिडकीवर गेलेली. दीक्षाच्या हातात दोन चिठ्ठ्या होत्या. पहिलीवर होतं: बायडाबाई, तालुका कोरेगाव, दुसरा मजला, उद्या सकाळी गर्भपिशवीचं ऑपरेशन, रक्तगट आणि दोन पिशव्या रक्ताची मागणी. दुसरीवर: गंगव्वा, नुसती रक्ताची साधी तपासणी. दोघींचं रक्त सारख्याच नळीत, जांभळ्या टोपणाच्या, घ्यायचं होतं.

दीक्षा बाकाशी गेली. "तुमचं नाव काय?" हे शब्द ओठांपर्यंत आले. समोरच्या बाईचे पाय तिच्या आज्जीसारखे भेगाळलेले होते. दीक्षा वाकली आणि म्हणाली, "आजी, तुमी बायडाबाई न्हवं? कोरेगावच्या?"

"व्हय व्हय," बाई लगबगीनं उठल्या.

शीर पहिल्याच टोचणीत मिळाली. सुई आत जाताना बाई पुटपुटल्या, "यव्वा!" दीक्षाला हसू आलं. किती दिवसांनी ऐकला तो शब्द. "झालंच बघा आजी," ती म्हणाली. नळी भरली, चिकटपट्टीवर नाव लिहून लावलं. मग दारातून हाक मारली, "गंगव्वा आजी, या आता." बाकावर उरलेली बाई उठून आली. हिच्यासाठी दोनदा टोचावं लागलं, तेही त्याच जागी. दीक्षाला घाम फुटला, पण बाईनं हूं की चूं केलं नाही.

त्यानंतर आणखी सात जण झाले. मॅडमनी तिच्या वहीत सही केली. एवढंच म्हणाल्या, "हात चांगला आहे." त्या एका वाक्यावर दीक्षा उडत होती.

अकरा वाजता ती चहा घेऊन जिन्याखाली गेली आणि आईला फोन लावला. आई चुलीपुढं होती.

"आई, नऊ जणांचं रगत काढलं मी आज. एकटीनं."

"कुणाच्या हाताला लागलं न्हाई न्हवं? मागच्या खेपेला त्या कंपाउंडरनं माझा हात असा सुजीवला हुता की... यव्वा! भाजलं गं."

आई पुढं काय काय बोलली ते दीक्षाला आठवत नाही. यव्वा. तिकडं कर्नाटकाच्या सीमेलगत, मराठी बोलणाऱ्या बाईच्याही तोंडून भाजलं, टोचलं की हेच निघतं. कोरेगावची बाई "आई गं" म्हणेल. यव्वा कशाला म्हणेल? गंगव्वा हे नाव मात्र तिकडचंच होतं.

तिनं डोळे मिटून दोन्ही बायका आठवायचा प्रयत्न केला. हात आठवले. एका मनगटावर हिरव्या बांगड्या, एका कोपराखाली गोंदण. कुठला हात कुणाचा? पहिली कोण, दुसरी कोण? चेहरे आठवेनात, कारण ते बघितलेच नव्हते.

पावणेबाराला लॅबचा शिपाई तानाजी बर्फाच्या पेटीतून नळ्या घेऊन रक्तपेढीत जायचा. बायडाबाईंच्या नावाच्या नळीतलं रक्त तिथं तपासलं जाणार आणि त्याच्याशी जुळणाऱ्या दोन पिशव्या उद्या ऑपरेशनच्या टेबलाशेजारी लटकणार. नळीत रक्त दुसऱ्याचं असेल तर पिशव्याही दुसऱ्याला जुळणाऱ्या येतील. चुकीचं रक्त अंगात गेलं की काय होतं, ते तिनं तिसऱ्याच दिवशी वहीत लिहून घेतलं होतं. तिथंही लाल रेघ होती.

ती दुसऱ्या मजल्यावर पळाली. बायडाबाई खाटेवर बसून बिस्किट खात होत्या. चेहरा साफ अनोळखी. कोपरावर कापूस चिकटवलेला, बाही तिथवर ओढलेली.

"आजी, सकाळी रगत दिलं तवा पैल्यांदा तुमाला बोलवलं का मागनं?"

"बोलवलं की."

"पैल्यांदा?"

"आता काय सांगू बाई. भुकेनं डोळ्यापुढं काजवे चमकत हुते. कुणी बोलवलं की मी उठायची."

"आणि किती वेळा टोचलं?"

"एकदा का दोनदा, कुणी मोजलंय? मुंगी चावल्यावाणी झालं." बायडाबाई हसल्या. "का गं? कमी पडलं व्हय?"

दीक्षाला रडू येत होतं. तिनं एक शेवटचं विचारलं, "आजी, तुमचं माहेर कुठलं?"

"उमदीचं. जतच्या खाली. लांब दिलं मला बापानं, पार साताऱ्याकडं."

उमदी तर थेट सीमेवर. म्हणजे यव्वा म्हणणारी ही बाईसुद्धा असू शकते! दीक्षाच्या छातीवरचं ओझं अर्धं उतरलं. फक्त अर्धं.

जिन्यात कपिल भेटला. तिच्याच बॅचचा, पाचगणीकडचा. कुठल्याही गोष्टीची थट्टा करणारा. तिनं एका दमात सगळं सांगितलं.

"उमदीची निघाली न्हवं? मग झालं की!" कपिल म्हणाला. "तू विचारलंस, ती व्हय म्हणाली. आता काय तिच्याकडनं स्टँपपेपरवर लिहून घेणार हायस?"

"पण ती सगळ्यालाच व्हय म्हणती रं."

"आजच मॅडमनी सही दिली तुला. आणि आज जाऊन सांगणार, मला पेशंटच ओळखता आला न्हाई? उद्यापासनं बाटल्या धूत बसशील. गप्प बस गड्या. बरोबरच असंल."

बरोबर असेलही. तिला स्वतःलाही तसंच वाटत होतं. खालून गाडीला किक मारल्याचा आवाज आला. एकदा. दोनदा. तानाजीची गाडी तिसऱ्या किकशिवाय सुरू व्हायची नाही, हे सगळ्या रुग्णालयाला ठाऊक होतं. दीक्षा जिन्याच्या कठड्याला धरून तशीच उभी होती. मग ती धावली.

"दादा, थांबा! पेटी द्या."

"अगं ए, सोड! मॅडम माझं कातडं सोलतील."

"तुमचं न्हाई, माझं सोलतील. द्या."

जीनत मॅडम सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या होत्या. दीक्षा पेटी छातीशी धरून दारात उभी राहिली. त्यांनी मान वर केली.

"मॅडम, सकाळच्या दोन बल्बांची मला खात्री नाही." लॅबमध्ये त्या नळीला बल्ब म्हणतात. "बायडाबाई आणि गंगव्वा."

"खात्री नाही म्हणजे?"

दीक्षानं सांगितलं. यव्वा, आईचा फोन, उमदी, सगळं. शेवटी मॅडमनी एकच विचारलं, "तू नेमकं काय विचारलंस? शब्दन् शब्द सांग."

"आजी, तुमी बायडाबाई न्हवं, कोरेगावच्या, असं."

"गावसुद्धा तूच सांगितलंस?"

"व्हय... हो मॅडम."

मॅडमनी पेटी उघडली. बायडाबाईंच्या नावाची नळी काढली, टेबलावरची गंगव्वाच्या नावाची घेतली, दोन्ही उजेडात धरल्या. दोन्हीतलं रक्त सारखंच लाल होतं. मग त्यांनी त्या नळ्या कचऱ्याच्या लाल डब्यात टाकल्या. टक्, टक्.

"मॅडम!" दीक्षा पुढं झाली. "निदान दोन्हींचा गट तरी बघूया की. नवीन घेतल्यावर जुळवून बघता येईल. कदाचित बरोबरच..."

"कशाला?"

"कळेल ना."

"तुला कळेल. पेशंटला त्याचा काय उपयोग?" मॅडमनी हातमोजे चढवले. "आणि बरोबर निघालं, तर पुढच्या वेळीही तू असंच विचारशील. चल, त्या दुसऱ्या बाईला शोध."

गंगव्वा सापडली रुग्णालयासमोरच्या हॉटेलात, मुलासोबत वडा खाताना. मुलाचं नाव गुंडा. पुन्हा रक्त म्हटल्यावर तो ताटावरून उठलाच.

"सकाळी काढलं ते काय केलं? सांडलं?"

"चूक माझी झाली दादा."

"चूक तुमची आणि रगत आमचं? ती काय नळ हाय व्हय, कवा बी सोडायला?"

"तुमच्या पाया पडते. दुसऱ्या पेशंटच्या जिवाचा प्रश्न हाय."

गंगव्वानं हातातला वडा खाली ठेवला, पदराला बोटं पुसली आणि मुलाला म्हणाली, "गप रं. पोरगी रडाय लागली." आणि स्वतःच पुढं चालू लागली. हॉटेलातले सगळे बघत होते. दीक्षाला वाटलं, हा एवढा रस्ता ओलांडला की आपण सरळ स्टँड गाठावा आणि जतच्या गाडीत बसावं.

या वेळी सुई मॅडमच्या हातात होती. दीक्षा शेजारी उभी. मॅडमनी गंगव्वाला विचारलं, "तुमचं नाव काय?" आवाजात ना उद्धटपणा, ना घाई. विचारताना त्या तिच्या डोळ्यांत बघत होत्या. गंगव्वानं स्वतःचं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, गावाचंही सांगितलं आणि जरा ताठ बसली. दीक्षाचे कान टवकारलेले. सुई आत जाताना आता ती काय म्हणते? काहीच नाही. मग मॅडम आणि दीक्षा वरच्या मजल्यावर गेल्या. बायडाबाईही काही म्हणाल्या नाहीत. मॅडमचा हात इतका हलका होता, की कुणाला ओरडायचं कारणच पडलं नाही.

साडेबाराला तानाजी तिसऱ्या किकला निघून गेला. शुक्रवारी बायडाबाईंचं ऑपरेशन झालं, एक पिशवी रक्त चढलं, सातव्या दिवशी त्या घरी गेल्या. जाताना दीक्षाच्या हातावर दोन पेढे ठेवले आणि म्हणाल्या, "तू टोचलेलं कळलंसुद्धा न्हाई बघ." त्यांना वाटत होतं, शेवटचं रक्तही तिनंच काढलं.

कपिलचं भाकीत अर्धं खरं ठरलं. मॅडमनी वहीतली सही खोडली नाही, पण पंधरा दिवस दीक्षाला सुईला हात लावू दिला नाही. बाटल्याही धुवायला लावल्या नाहीत. तिला बाकाजवळ उभं केलं, आणि येणाऱ्या प्रत्येक पेशंटला एकच प्रश्न विचारायला लावला. पहिले दोन दिवस तिची जीभ अडखळायची. आता अडखळत नाही. आता ती आधी वाकते, चेहरा नीट बघून घेते आणि मग म्हणते, "आजी, तुमचं नाव तुमीच सांगा बघू." बहुतेक जणी सांगतात. काही लाजतात. एक-दोघी रागावल्याही.

या गोष्टीला आता चार महिने झाले. तिच्या हातून पाचशेच्या वर नळ्या भरल्या, आणि एकीबद्दलही तिला पुन्हा विचार करावा लागलेला नाही. पण लाल डब्यात टक् असा आवाज झाला की तिची मान वळते. त्या गुरुवारी चार वाजता ती त्या दोन नळ्या शोधायला हळूच डब्यापाशी गेली होती. कचऱ्याची गाडी तीनलाच येऊन गेली होती. एकदा धीर करून तिनं मॅडमना विचारलं, त्या नळ्या बरोबर असतील का, तुम्हाला काय वाटतं? मॅडम म्हणाल्या, "मला काही वाटत नाही. मी फक्त नाव विचारते."

मॅडमचं बरोबर आहे, हे तिला पटलंय. तरी रात्रीच्या डब्यातली भाकरी मोडता मोडता ती खोलीतल्या मैत्रिणींना मधेच विचारते, आणि त्या कंटाळून हसतात: त्या सकाळी यव्वा म्हणाली, ती नेमकी कोण होती?